तांदळातले देव

रामकिसनच्या हातात वस्तू द्यायला शेंद्रा गावात माणूस कचरायचा. वाटी द्या, कुलूप द्या, नाहीतर लेकराचं खेळणं द्या. तो ती आधी उजेडाकडं धरायचा, एक डोळा मिटायचा आणि कडेकडेनं नजर फिरवत यायचा. मग न बोलता परत द्यायचा. तेवढ्यानं समोरच्याला कळायचं, आपल्या वस्तूत खोट निघाली.

सवय कारखान्यातली. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्याच साली जन्मलेला हा गडी. भावकीत थोरला, पण नांगराला हात न लावता चिकलठाण्याच्या एका कारखान्यात चिकटला आणि तिथंच म्हातारा झाला. काम काय, तर दुसऱ्यांनी घडवलेले लोखंडी भाग मापात बसतात का ते बघायचं. नाही बसला तर खडूनं फुली. फुली बसलेला माल भंगारात. "रामकिसनच्या नजरेतून खोटा माल कधी सुटला नाही," असं साहेब लोक निरोपाच्या दिवशी बोलले. त्याच्या हातून उभ्या हयातीत एकही वस्तू घडली नाही, हे मात्र कोणी बोललं नाही. ते बहुतेक त्याचं त्यालाच आत कुठंतरी सलत असावं. कारण रिटायर झाला आणि त्याच महिन्यात शहरात जाऊन रंधा, करवत, पटाश्या घेऊन आला. जनावरं विकल्यापासून गोठा रिकामाच होता. तिथं लाकूडकाम सुरू झालं.

पहिल्यांदा पाट केला. तो एका कोपऱ्यात जरा डुलायचा, नखाएवढा. दुसऱ्या कोणी खाली चिंधी सारली असती आणि वर बसून जेवला असता. रामकिसननं पाटाला खडूनं फुली मारली, कुऱ्हाड आणली आणि पाट फोडला. मग दुसरा पाट. मग चौरंग, मग बायकोच्या पोळपाटासाठी फळी. सगळ्यांवर फुली, सगळ्यांवर कुऱ्हाड. फोडताना तो ओरडायचा नाही, शिवी द्यायचा नाही. तोंड पांढरं पडायचं आणि घाव मोजून मापून पडायचे. बायको द्वारकाबाई तेवढा वेळ चुलीपुढून उठायची नाही.

शेजारच्या सारजाबाईला ह्याचं लई हसू यायचं. भिंतीवरून डोकावून म्हणायची, "द्वारके, तुह्या घरी सागवानाच्या जाळावर भाकरी. राजाच्या घरी बी नसंल गं आसं!"

"तू बी ये की शेकायला."

"नको बाई. तुहा नवरा मलाच उजेडाला धरून बघायचा आन् फुली मारायचा."

दोघी हसायच्या. हसण्यावारी नेण्यासारखंच तेव्हा होतं ते.

मग देव्हाऱ्याची गोष्ट निघाली.

घरचा जुना देव्हारा वाळवीनं पोखरला होता. त्यात तीन चांदीचे टाक, देवाचा ठसा उठवलेले छोटे पत्रे. एक तुळजापूरच्या भवानीचा, एक खंडोबाचा आणि एक घराण्यातल्या वीराचा, म्हणजे कुठल्या तरी लढाईत पडलेल्या पूर्वजाचा. थोरल्याच्या घरी देव, हा दस्तूर. धाकट्या भावानं, पुंजारामनं, सणाला इथं यायचं, नारळ फोडायचा, आपल्या घरी जायचं. गुढीपाडव्याच्या दिवशी रामकिसन म्हणाला, "जुन्या घराची सागवानी तुळई पडली हाय माळ्यावर. तिचा देव्हारा करतो. आसा करतो की पिढ्या जातील."

"करा की," द्वारकाबाई म्हणाली. "पर आधी नवा व्हऊ द्या, मंग देव हलवा."

"जुना डोळ्यासमोर आसला की माहा हात चालत नाय. आठ दिवसाचं काम हाय."

आणि त्यानं जुना देव्हारा भिंतीवरून काढला. हातातच त्याचा भुगा झाला. आता बसवतो म्हटलं तरी बसवता येईना. द्वारकाबाईनं पितळी डब्यात तांदूळ घेतले आणि तिन्ही टाक त्यात ठेवले.

देव तांदळात ठेवायची आपल्याकडं रीत आहेच. गावाला जायचं असलं, घर बांधायला काढलं, की ठेवतात. तांदळातला देव म्हणजे निजलेला देव. त्याला पूजा नाही, दिवा नाही, नैवेद्य नाही. पण रीत आहे ती चार दिवसांची. बोलावल्याशिवाय किती दिवस निजवून ठेवायचं, ह्याचा हिशेब कोणी केलेला नाही, कारण तशी पाळीच कोणावर आली नव्हती.

पहिला देव्हारा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तयार झाला. मागच्या फळीला केसासारखी चीर निघाली. फुली. दुसरा आषाढात. दोन खांबांत सुताचा फरक. फुली. द्वारकाबाई पहिल्यांदा बोलली, "आवं, चीर मागून हाय. भिंतीकडं कोण बघायला जातंय?"

"देव बघतो ना."

"देवाला काय, सावली मिळाली तरी झालं."

रामकिसन रंधा खाली ठेवून तिच्याकडं वळला. "खंडित मूर्ती पुजती का तू? नाय ना? मंग खोट आसलेल्या घरात देव कसा बसवायचा? सांग."

गोष्ट खरीच होती. खंडित मूर्ती नदीत सोडतात, ती कोणी पूजत नाही. ती चुलीकडं वळली आणि त्या दिवसापासून तो जिंकल्यासारखा वागू लागला.

त्या साली नवरात्रात त्या घरी घट बसले नाहीत. पुंजारामच्या घरी एका पाटावर कशीबशी माळ चढली. शेंद्र्यातल्या बायका देवळाकडं जाता-येता रामकिसनच्या ओट्याकडं बघत आणि पदर ओढून पुढं जात. देव्हारा होता तिथं भिंतीवर नुसता धुराचा काळा चौकोन उरला होता. द्वारकाबाई संध्याकाळी दिवा लावायची आणि हातात घेऊन उभी राहायची. ठेवायचा कुठं? शेवटी उंबऱ्यापाशी ठेवायची. तिथं वारा यायचा. रोज विझायचा.

पौषात तिनं डबा उघडला तर तांदूळ हलत होते.

तिला वाटलं, आपल्या डोळ्यांना अंधारी आली. डबा दारात नेला. सोंडे पडले होते. काळे, बारीक, टाकांच्या खालून-वरून चाललेले. भवानीच्या टाकावर जाळी धरली होती. तिनं टाक पुसले, तांदूळ लांब उकिरड्यावर पुरले, नवे तांदूळ भरले आणि डबा होता तिथं ठेवला. नवऱ्याला सांगितलं नाही. सारजाबाईलाही सांगितलं नाही. हसण्यावारी नेण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

गोठ्यातला आवाज मात्र चालूच होता. खर्र, खर्र. मग थांबायचा. थांबला की द्वारकाबाईच्या हातातलं काम थांबायचं. ती कान देऊन बसायची. पुन्हा खर्र आलं तर श्वास सोडायची. नाही आलं तर कुऱ्हाड येणार. रामकिसनचं खाणं कमी झालं होतं. बोलणं तर नव्हतंच. भाकरी पुढं आली की ती उचलून कड बघायचा. एकदा तिनं भाजी वाढता वाढता पाहिलं, तो तिच्याच तोंडाकडं तसा बघत होता. एक डोळा मिटून. तिनं पळी खाली ठेवली.

"काय बघता?"

"काय नाय."

"माणसाला आसं बघू नाय."

त्यानं मान खाली घातली. पण तिला त्या दिवसापासून त्याच्यापुढं उजेडात उभं राहायची भीती वाटू लागली.

पुढच्या श्रावणात पुंजारामचा मुलगा कडूबा जालना रोडवर मोटारसायकलवरून पडला. टेम्पोनं कट मारला. पाय दोन जागी मोडला. घाटी दवाखान्यात त्याला ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी पुंजाराम थेट रामकिसनच्या गोठ्यात येऊन उभा राहिला. अंगात तेच मळके कपडे. गोठ्यात अर्धवट देव्हारा उभा होता, पाचवा का सहावा.

"दादा," तो म्हणाला, "देव कुठं हायेत?"

रामकिसननं रंधा थांबवला नाही. "घरात."

"घरात कुठं?"

"तुला मालूम नाय व्हय?"

"मालूम हाय म्हनून तर इचारतो. डब्यात हायेत! डाळ-तांदळासारखे डब्यात! आन् माहं पोरगं दवाखान्यात पाय टांगून पडलंय."

"टेम्पोवाल्याला इचार."

"दादा!" पुंजाराम पुढं आला. द्वारकाबाई दारात आली तशी त्यानं आवाज खाली घेतला. थोरल्या भावापुढं त्याचा आवाज कधी चढला नव्हता. आता चढला होता आणि त्याचा त्यालाच धक्का बसला होता. "हे बघ. बापानं देव तुह्या हवाली केले, मी कधी काय म्हनलं का? थोरला तू. तुहा मान. पर आता भावकी बोलू राहिली. घट बसायच्या दिवशी सकाळी मी येतो. देव बसलेले आसले तर नारळ फोडतो, पाया पडतो. नसले तर नव्या फडक्यात बांधून माह्या घरी नेतो. मंग इथं परत येनार नाय ते. वैनी, तुमी बी आयका. तुमच्यावर माहा राग नाय."

तो गेला. द्वारकाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ह्या घरात ती लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिच्या हातात सगळ्यात आधी हे टाक दिले होते. मूल राहत नव्हतं तेव्हा ती त्यांच्याशीच बोलायची. पुढं लेक आशा झाली, तीही त्यांच्याच पायाशी रांगली. आशाही आता सासरी. देव गेले तर ह्या घरात तिचं बोलणं ऐकणारं कोण राहणार होतं? हा माणूस? आणि त्याची कुऱ्हाड?

"ऐकलं ना?" ती म्हणाली.

"घट बसायला लई दिवस हायेत."

"मधी पितरपाट हाय. पितरपाटात नवं काम हाती धरत नसतेत."

"काम नवं नाय. जुनंच चालू हाय," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. त्याचं नेहमी बरोबरच असायचं.

पितरपाट लागला. घरोघर पानं वाढली जाऊ लागली, कावळ्यांना घास जाऊ लागले. रामकिसनच्या घरचा वीर डब्यात होता. त्याचं पान कुठं दाखवायचं हे द्वारकाबाईला कळेना. तिनं घास गोठ्याच्या पत्र्यावर ठेवला. कावळे आले, बसले, घासाला शिवले नाहीत. नुसते पत्र्यावर नखं घासत फिरत राहिले आणि खाली रंधा खर्र, खर्र. दोन्ही आवाज एकमेकांत असे मिसळायचे की कोणता कुठला ते कळू नये. सारजाबाई भिंतीवरून बोलायची बंद झाली होती. एक दिवस फक्त एवढंच म्हणाली, "कुऱ्हाड कुठं तरी टाकून दे गं. मला तुह्यापायी भेव वाटतंय." द्वारकाबाईनं कुऱ्हाड उचलून सारजाबाईच्या कडब्याच्या गंजीत खोल खुपसली.

सर्वपित्री अमावस्या. उन्हं तापलेली, वारा पडलेला. ह्या दिवशी आपल्याकडं कोणी नवी चप्पल पायात घालत नाही. गोठ्यात देव्हारा पुरा झाला होता. चार खांब, वर कमान, कमानीवर साधी वेल. द्वारकाबाईनं दारातून पाहिला आणि तिचा जीव भांड्यात पडला. लई देखणा झाला होता. तिनं हात जोडले. तेवढ्यात रामकिसन वाकला. उजव्या खांबावर कमान टेकते तिथं त्यानं नख लावलं. नख आत गेलं.

फट होती.

त्यानं नख बाहेर काढलं. मग सरळ झाला. खडू शोधला नाही. तोंड पांढरं पडलं होतं. सरपणाकडं गेला, कुऱ्हाड नव्हती. मोरीपाशी बघितली, नव्हती. तिच्याकडं वळला.

"कुठंय?"

"मला काय माहीत."

तो दाराबाहेर पडला. ओटा उतरला आणि सारजाबाईच्या दाराकडं चालू लागला. बाहेरून त्याचा आवाज आला, शांत, एखाद्याकडं विरजण मागावं तसा: "सारजाबाई, जरा कुऱ्हाड द्या."

द्वारकाबाई घरात पळाली. डबा उचलला, गोठ्यात आली. अमावस्या आहे, सोवळं नाही, गुरवाला विचारलेलं नाही, टाक उजळलेले नाहीत, हे सगळं तिच्या मनात एकदम आलं आणि तिनं ते एकदम बाजूला लोटलं. तिनं तांदळात हात घातला. भवानी, खंडोबा, वीर. तिघांना कमानीखाली ओळीनं ठेवलं. हातांना तांदूळ चिकटलेले, टाकांना तांदूळ चिकटलेले. आणि देव्हाऱ्याच्या कडेला जमिनीवर बसली.

रामकिसन आला. हातात सारजाबाईची कुऱ्हाड, ती नाही म्हणायच्या आत दारामागून उचललेली. दोन पावलं आत आल्यावर त्याला दिसलं.

"काढ ते."

"नाय."

"द्वारके, काढ."

लग्नानंतर त्यानं तिचं नाव घेतलं ते तेव्हा पहिल्यांदा. ती उठली नाही. "मी बसवले. मी उठवनार नाय. उठवायचे तर तुमच्या हातानं उठवा. मंग फोडा खुशाल."

पत्र्यावर नखं घासल्याचा आवाज येत होता. रामकिसन जवळ आला. इतका जवळ की कुऱ्हाडीचं पातं तिच्या खांद्याच्या उंचीवर आलं. तिनं डोळे मिटले नाहीत. मिटले तर काहीतरी होईल असं तिला वाटत होतं. त्यानं डावा हात कमानीखाली घातला आणि कडेचा टाक उचलला. वीराचा.

ह्या माणसानं आयुष्यभर ह्या टाकापुढं डोकं टेकवलं होतं. पण तो हातात कधी घेतला नव्हता. देव उजळणं, पुसणं, परत ठेवणं हे बायकांकडं. आधी आजी, मग आई, मग द्वारकाबाई. हातात वस्तू आली आणि त्याचा हात आपसूक उजेडाकडं गेला. डोळा मिटला.

टाक एका बाजूला वाकला होता. वरचा कोपरा कधीतरी तुटून, जाड डाग देऊन जोडलेला. घोडा ओळखू येत होता तो कशावरून, तर तिथं घोडा आहे हे माहीत होतं म्हणून. वर बसलेल्या माणसाला नाक नव्हतं. डोळे नव्हते. चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत चांदी.

"ह्याचं तोंड," तो म्हणाला. "ह्याचं तोंड कुठं गेलं?"

"तुमच्या आजीच्या वेळंपासून नाय. सासूबाई सांगायच्या. दर दसऱ्याला चिंच लावून लावून घासला, घासून घासून झिजला."

"आन् तरी पुजता?"

"मंग काय, फेकायचा?"

त्यानं भवानी उचलली. तिचा एक हात पुसट. खंडोबाची कड चिरलेली. एकेक उजेडाला धरत गेला, आणि द्वारकाबाई बघत राहिली. त्याच्या तोंडावर काय चाललंय ते तिला समजेना. राग होता का? भीती होती? तिला एवढंच दिसत होतं की कुऱ्हाड अजून उजव्या हातात आहे आणि बोटं तिच्यावर आवळून पांढरी झालीत. तो खाली बसला. कुऱ्हाड मांडीवर, तीन टाक तळहातावर. सारजाबाई भिंतीपाशी येऊन उभी राहिली होती, तीही हलली नाही.

मग त्यानं कुऱ्हाड जमिनीवर ठेवली. टाकांना चिकटलेले तांदूळ बोटानं एकेक काढले, आणि तिघांना परत कमानीखाली ठेवलं. वीराचा टाक कलंडला. तो वाकडाच होता. त्यानं मागं एक ढलपी टेकवून उभा केला.

"सारजाबाई," तो न वळता म्हणाला, "तुमची कुऱ्हाड न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाराम आला. काखेत नवं लाल फडकं, मागं त्याची बायको. दारात चपला काढल्या आणि थबकला. देव्हारा भिंतीशी होता. पुढं परडीत माती, मातीत पेरलेलं धान्य, वर घट. दिवा लागलेला. टाक चिंचेनं उजळून चकचकीत. ते कधी आणि कोणत्या दिवशी बसले, हे द्वारकाबाईनं त्याला सांगितलं नाही. पुढंही कधी कोणाला सांगितलं नाही.

पुंजारामनं फडकं बायकोकडं दिलं. पाया पडला. वाकल्यावर त्याची नजर कमानीकडं गेली. भाऊच तो. त्यानं बोट लावलं.

"दादा, इथं फट पडली की रं."

चुलीपुढं पुरण वाटत असलेला द्वारकाबाईचा हात थांबला. रामकिसनचा जबडा हलला. गालाची शीर एकदा उडाली, पुन्हा उडाली.

"हाय," तो म्हणाला. "दिसती मला."

"नाय, म्हनजे काम लई भारी हाय, मी आपलं सहज..."

"रोज दिसंल. नारळ फोड."

पुंजारामनं नारळ फोडला. कडूबाच्या पायाचं विचारलं तेव्हा म्हणाला, अजून प्लास्टर आहे, हाड धरतंय का नाही ते पुढच्या महिन्यात कळेल. मग तो गेला. फडकं घडी न मोडता परत नेलं.

दुपारी वारा सुटला. फटीतून बारीक झोत आला आणि नऊ दिवस अखंड ठेवायचा दिवा वाकला. ज्योत आडवी झाली, निळी पडली, वातीला कशीबशी धरून राहिली. "आवं!" द्वारकाबाई ओरडली आणि दोन्ही हातांनी तिनं आडोसा केला. हात काढला की ज्योत पुन्हा आडवी. घटाची पहिली माळ, आणि दिवा गेला तर?

रामकिसन उठला. तिला वाटलं, गोठ्यात चालला. पटाशी आणणार, कमान उकलणार, पुन्हा सगळं पहिल्यापासून. तो चुलीपाशी गेला. परातीत पोळ्यांची कणीक मळून झाकलेली होती. त्यातला बोराएवढा गोळा तोडला, वळला, आणि देव्हाऱ्यापुढं गुडघे टेकून फटीत अंगठ्यानं दाबून बसवला. सागवानावर पांढरा ठिपका, लांबूनही दिसेल असा. ज्योत सरळ झाली.

द्वारकाबाई त्या ठिपक्याकडं बघत राहिली. "वाळली की पडंल ती."

"पडंल."

"मंग?"

"मंग परत लावायची. कणीक उरव थोडी."